वाचकांचे प्रश्न : एस्प्रेसो यंत्र चालू होते, पण तापत नाही

पावसाळा सरला की या सदराकडे बंद पडलेल्या उपकरणांची पत्रे वाढतात, हे गोव्यात नवे नाही. या वेळी मात्र एस्प्रेसो यंत्रांविषयीची पत्रे इतकी आली, आणि त्यांतली तक्रार इतकी सारखी होती, की या महिन्याची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेकांना दुरुस्ती करणाऱ्याने ‘कॉइल गेली’ एवढेच सांगितलेले दिसते. आमच्या मते हे निदान बरेचदा घाईचे असते. कॉइल, म्हणजे पाणी तापवणारे एलिमेंट, हा यंत्रातला चांगला दणकट भाग आहे. तिच्यापर्यंत वीज नेणारे भाग सहसा तिच्याआधी जातात, आणि त्यांतला एखादा तर वेळ आली की जावा यासाठीच बसवलेला असतो.

प्रश्न : आमच्या घरी एका बॉयलरचे, साध्या बटणांचे इटालियन यंत्र चार वर्षांपासून आहे. चवथीला पाहुणे आले होते, तेव्हा एकामागून एक सगळ्यांसाठी दूध फेसाळले आणि शेवटी वाफेचे बटण चालूच राहिले. थोड्या वेळाने तापल्या धातूचा वास येऊ लागला म्हणून यंत्र बंद केले. दुसऱ्या दिवसापासून दिवा लागतो, पंपाचा आवाज येतो, पाणीही येते, पण ते नळाच्या पाण्याइतकेच थंड असते. दुरुस्तीवाला कॉइल बदलायला सांगतो आणि खर्च नव्या यंत्राच्या जवळजवळ निम्मा होतो. काय करावे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : इतक्यात कॉइल बदलू नये. काय घडले असावे ते आपण पत्रात लिहिलेलेच आहे, फक्त दुरुस्तीवाल्याने ते विचारले नसावे.

दिवा लागतो आणि पंप चालतो, त्याअर्थी भिंतीपासून यंत्राच्या मुख्य बटणापर्यंत वीज येते आहे आणि बिघाड फक्त पाणी तापवणाऱ्या शाखेत आहे. आपल्यासारख्या साध्या यंत्रात या शाखेवर चार गोष्टी असतात : थर्मल फ्यूज, कॉफीच्या तापमानाचा थर्मोस्टॅट, वाफेच्या तापमानाचा थर्मोस्टॅट आणि एलिमेंट. कॉफीसाठी पाणी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसला लागते, तर दूध फेसाळण्यासाठी बॉयलर त्याहून बराच वर, १२० अंशांच्या पुढे न्यावा लागतो. म्हणून थर्मोस्टॅट दोन. थर्मल फ्यूजचे काम मात्र तापमान राखण्याचे नाही. बॉयलर मर्यादेबाहेर तापला की वीज तोडणे एवढेच त्याचे काम. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हप्रमाणे तो एकदाच कामाला येतो, आणि एकदा गेला की बदलावाच लागतो.

आता चवथीच्या दिवसाकडे वळू. एका बॉयलरच्या घरगुती यंत्रात बॉयलर लहान असतो. त्यात जेमतेम पेलाभर पाणी मावते. वाफ निघते ती याच पाण्याची. मागची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी वाफ सोडताना पंप चालू नसतो, त्यामुळे बॉयलरमधले पाणी कमी होत जाते आणि त्याची भरपाई होत नाही. एकापाठोपाठ एक दूध फेसाळत राहिले आणि मध्ये पंप चालवून बॉयलर भरला नाही, तर एलिमेंटचा भाग उघडा पडतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि वाफेच्या थर्मोस्टॅटला ते कळेपर्यंत फ्यूज उडतो. आपल्याला आलेला वास बहुधा त्याच घडीचा असावा. यंत्रे वापरणाऱ्या पुष्कळांना ही गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते, आणि माहितीपुस्तिकेत ती असली तरी अशा जागी असते की कोणाची नजर जाऊ नये. दर एक-दोन पेले दूध फेसाळल्यावर वाफेचे बटण बंद करून पंप चालवावा आणि पाण्याची सलग धार येईपर्यंत थांबावे, एवढ्याने हा प्रसंग टळतो.

झाकण उघडण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे प्लग. पंपाला पन्नासेक वॉट पुरतात, दिव्याला त्याहून कितीतरी कमी, पण एलिमेंट हजाराच्या पुढचे असते; त्यामुळे सैल किंवा गंजलेल्या जोडणीवर दिवा आणि पंप बिनतक्रार चालतात आणि एलिमेंट मात्र तापत नाही किंवा अर्धवट तापते. प्लग काढून त्याच्या पितळी पिना उजेडात धराव्यात. एखादी पीन काळवंडलेली किंवा निळसर झालेली असेल, सॉकेटचे त्या बाजूचे भोक तपकिरी पडले असेल, तर खोट तिथेच आहे. तापून जळू लागलेल्या सॉकेटला पुष्कळदा मासळीसारखा वास येतो. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात त्या वासाकडे कोणाचे लक्ष जाणार हा प्रश्नच आहे, पण मासळी न आणलेल्या सोमवारी तो आला तर सॉकेट जरूर पाहावे. १३०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे पावणेसहा अँपिअर घेते, म्हणजे लहान सहा अँपिअरच्या सॉकेटच्या अगदी मर्यादेवर चालते. त्याला पंधरा-सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंटच द्यावा.

दुसरी चाचणी वाफेच्या बटणाची. बहुतेक दोन थर्मोस्टॅटच्या यंत्रांत वाफेचे बटण दाबले की कॉफीचा थर्मोस्टॅट बाजूला पडतो आणि वीज वाफेच्या थर्मोस्टॅटमधून एलिमेंटकडे जाते. म्हणून आधी पंप चालवून बॉयलर भरून घ्यावा, मग वाफेचे बटण चालू करून दोन-तीन मिनिटे यंत्राजवळच उभे राहावे. बॉयलर तापू लागला तर एलिमेंट आणि फ्यूज दोन्ही शाबूत आहेत आणि दोष कॉफीच्या थर्मोस्टॅटचा आहे. काहीच झाले नाही तर संशय फ्यूजवर किंवा एलिमेंटवर जातो. आपल्या बाबतीत काहीच होणार नाही असा आमचा अंदाज आहे.

यापुढचे काम मल्टीमीटरचे आहे. ते आपल्या हाताने करायचे नसेल तर गावातल्या जाणत्या वायरमनला हा मजकूर दाखवावा. त्याला कॉफीची माहिती असण्याची गरज नाही. प्लग काढून बाहेर ठेवावा, बॉयलर पूर्ण थंड होऊ द्यावा, टाकी काढून घ्यावी आणि मगच झाकण उघडावे. वायरी सोडण्यापूर्वी फोनवर छायाचित्र घ्यावे, कारण सगळ्या वायरी एकसारख्याच दिसतात. एलिमेंटची एक वायर काढून त्याच्या दोन टोकांमध्ये मीटर ओहमवर लावावा. आकडा किती यायला हवा हे यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवरून काढता येते : व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १३०० ने भागले की साधारण ४१ ओहम. पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालते. मीटरने काहीच दाखवले नाही तर एलिमेंट तुटले आहे आणि दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे आहे. ४१ च्या आसपास आकडा आला तर एलिमेंटची तार धड आहे. त्यानंतर मीटरचे एक टोक एलिमेंटला आणि दुसरे बॉयलरच्या उघड्या धातूला लावावे; तिथे काहीही आकडा येता कामा नये, आला तर वीज अंगात उतरते आहे.

एलिमेंट ठीक निघाले की थर्मोस्टॅट पाहावेत. बॉयलरच्या अंगावर स्क्रूने बसवलेल्या, नाण्याएवढ्या दोन चकत्या दिसतील. त्यांच्या पाठीवर तापमानाचे आकडे कोरलेले असतात. थंड अवस्थेत दोन्हींतून मीटरने शून्याच्या जवळचा आकडा दाखवायला हवा. मग राहतो फ्यूज : पेन्सिलीच्या शिसाहून थोडा जाड, पांढऱ्या किंवा करड्या काचतंतूंच्या नळीत लपवलेला आणि पट्टीने बॉयलरला घट्ट धरलेला. त्याच्या दोन्ही टोकांत मीटर मुका राहिला, तर चोर सापडला.

हा फ्यूज अगदी किरकोळ किमतीचा असतो, आणि त्यामुळेच दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे तो काढून तिथे वायर जोडणे, ज्याला आपल्याकडे ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. असे यंत्र उत्तम चालते, पुढच्या चवथीला बॉयलर पुन्हा कोरडा होईपर्यंत. आणि त्या वेळी मध्ये अडवणारे काहीच नसते. दुसरी चूक म्हणजे नवा फ्यूज डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून बसवणे. सोल्डरिंगच्या उष्णतेने तो बसवतानाच उडतो, आणि मग ‘फ्यूज बदलला तरी चालत नाही, म्हणजे कॉइलच गेली’ असा निष्कर्ष निघतो. फ्यूजची टोके दाबून बसवायच्या धातूच्या नळीने, म्हणजे क्रिंप करून जोडावीत. जुन्या फ्यूजवर जे अंश आणि अँपिअर छापलेले असतील तेच नव्यावर असावेत. आणि तो पूर्वीसारखाच बॉयलरला टेकवून पट्टीखाली धरावा. नंतर यंत्र लावून वाफेवर टाकावे आणि थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडतो की नाही हे समोर उभे राहून पाहावे. तोडत नसेल, तर त्याचे स्पर्शबिंदू चिकटून बसले आहेत; तो बदलल्याशिवाय नवा फ्यूजही टिकणार नाही.

प्रश्न : मांद्रे येथे किनाऱ्यालगत आमचे हंगामी कॅफे आहे. मे अखेरीस सगळे आवरून दोन ग्रुपचे, म्हणजे कॉफी उतरणाऱ्या दोन तोंडांचे, यंत्र गोदामात ठेवतो आणि ऑक्टोबरात पुन्हा लावतो. यंदा यंत्र चालू करताच, तापवण्याचे बटण टाकले की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडतो. वायरमनने आरसीसीबी वगळून जोडणी दिली, तेव्हा यंत्र तापले आणि दोन दिवस व्यवस्थित चालले. हंगाम तोंडावर आहे. असेच चालवले तर चालेल का? — एक कॅफेचालक, पेडणे तालुका

उत्तर : चालणार नाही, आणि हे उत्तर वाचताच ती जोडणी पूर्ववत करावी. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या आसपासची गळती ओळखून पडतो, कारण त्याहून जास्त करंट माणसाच्या अंगातून गेला तर जीव जाऊ शकतो. आपले यंत्र धातूचे आहे, त्यात पाणी आहे, आणि ते चालवणारा मुलगा ओल्या फरशीवर, बरेचदा रबरी चपलेतही नसताना, उभा असतो. अर्थिंग चांगले असेल तर सहसा काही होत नाही. पण वाळूत ठोकलेल्या हंगामी अर्थिंगच्या भरवशावर माणूस उभा करू नये.

बिघाडाचे कारण मात्र साधे आहे आणि एलिमेंट फेकून देण्याची बहुधा गरज पडणार नाही. एलिमेंटची बाहेरची नळी धातूची असते, आत मधोमध तापणारी तार असते, आणि या दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, म्हणूनच ती वापरतात. पण ती ओलावा शोषून घेते, आणि ओली झाली की वीज अडवण्याची तिची ताकद घसरते. रोज तापणाऱ्या यंत्रात ओलावा टिकत नाही. जून ते सप्टेंबर गोदामात पडलेल्या यंत्रात मात्र तो एलिमेंटच्या टोकांच्या सीलमधून हळूहळू आत शिरतो. आरसीसीबी वगळून दोन दिवस चालवल्यावर एलिमेंट थोडेफार सुकलेही असेल. त्यामुळे पुन्हा आरसीसीबी लावल्यावर तो पडणार नाही, असेही होऊ शकते. तसे झाले तरी मोजल्याशिवाय निर्धास्त होऊ नये.

हे मोजायला साधा मल्टीमीटर पुरत नाही, कारण त्याच्या बॅटरीच्या दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, ही गळती दिसतेच असे नाही. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जादा दाब देऊन ओहम मोजणारा मीटर, लागतो, आणि तो लावण्यापूर्वी एलिमेंटच्या सगळ्या वायरी सोडवाव्या लागतात, नाहीतर मेगरचा दाब इलेक्ट्रॉनिक कार्डात जाऊन तेही कायमचे बसते. एलिमेंट आणि बॉयलरचे अंग यांच्यामध्ये एक मेगओहमहून, म्हणजे दहा लाख ओहमहून, पुष्कळ जास्त आकडा यावा. तो हजारो ओहममध्ये आला तर एलिमेंट ओले आहे. अशा वेळी ते बॉयलरमधून काढून ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवतात आणि गार झाल्यावर पुन्हा मोजतात. ओव्हन म्हणजे ज्याचे तापमान नेमून देता येते असा. गावच्या पोदेराची भट्टी या कामाला फारच तापट आहे. एलिमेंट परत बसवताना गॅस्केट नवे घालावे. सुकवूनही आकडा वर चढत नसेल, तर नळीला चीर गेलेली आहे आणि मग मात्र नवे एलिमेंट घ्यावे.

ओव्हनची खटपट करण्याआधी एलिमेंटच्या टोकांकडे टॉर्च घेऊन एकदा पाहावे. खाऱ्या हवेत स्पेड जोडण्यांवर, म्हणजे वायरींच्या चपट्या टोकांवर, हिरवट-पांढरी पूड साचते, आणि झिरपणाऱ्या गॅस्केटमुळे टोकांभोवतीचा भाग ओलाच राहतो. कित्येकदा गळतीचा मार्ग एवढाच असतो आणि तो घासून, सुकवून बंद होतो. मुंग्यांचे वारूळही आत सापडते. रिलेच्या, म्हणजे कार्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचच्या, डबीत शिरलेल्या मुंग्या स्पर्शबिंदूंमध्ये चिरडतात आणि रिले ‘टक’ असा आवाज करूनही वीज पुढे सोडत नाही.

आपले यंत्र तीन फेजवर असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या यंत्रांत एकाच बैठकीवर तीन नळ्यांचे एलिमेंट असते आणि प्रत्येक नळी वेगळ्या फेजवर जोडता येते. हंगामाच्या सुरुवातीला नवी जोडणी देताना एखादी फेज सैल राहिली, तर दिवे, पंप, काट्याचा मीटर सगळे चालते आणि बॉयलर मात्र तापायला नेहमीहून बराच वेळ घेतो. तिन्ही नळ्यांचे ओहम सारखे आले तर एलिमेंटला दोष देऊ नये, फेज मोजाव्यात. न्यूट्रल सैल राहिला तर प्रकरण याहून गंभीर होते, कारण मग एखाद्या फेजवर दाब २३० च्या बराच वर जातो आणि कार्डे जळतात.

पुढच्या वर्षासाठी : यंत्र ठेवण्यापूर्वी बॉयलर तापवून रिकामा करावा, म्हणजे उरलेला ओलावा त्याच्याच उष्णतेने निघून जातो, जमिनीपासून वर, प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता ठेवावे, कारण प्लॅस्टिकखाली घाम साचतो, आणि गोदामात वीज असेल तर पावसाळ्यात अधूनमधून पाणी भरून तासभर तापवावे. हा शेवटचा उपाय कंटाळवाणा आहे, पण बाकी सगळ्यांहून खात्रीचा आहे.

प्रश्न : विहिरीच्या पाण्याची भीती वाटते म्हणून आम्ही यंत्राला फक्त आरओचे पाणी देतो. नवे यंत्र महिनाभर चालले. आता ते सतत पाणी भरत राहते, मग पाणी नसल्याचा दिवा लागतो आणि तापणे थांबते. टाकी भरलेली असते. — एक वाचक, मडगाव

उत्तर : यंत्र बिघडलेले नसावे, त्याला पाणी दिसतच नाही. बॉयलर आपोआप भरणाऱ्या यंत्रांत पाण्याची पातळी कळण्यासाठी एक धातूची काडी असते. पाणी तिला टेकले की पाण्यातून अतिशय सूक्ष्म करंट वाहतो आणि कार्डाला कळते की बॉयलर भरला. पण हा करंट वाहतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. आरओने क्षार जवळजवळ काढूनच टाकले असतील, तर काडी पाण्यात बुडालेली असूनही कार्ड बॉयलर रिकामा समजते, पंप चालवत राहते, आणि एलिमेंट कोरडे तापू नये म्हणून त्याची वीज तोडते. आरओच्या यंत्राचा फिल्टर नुकताच बदलला असेल तर दोष नेमका त्यानंतर दिसू लागतो.

आरओच्या पाण्यात साधे गाळलेले नळाचे पाणी निम्मे मिसळून पाहावे. तेवढ्याने काम झाले नाही, तर काडी काढून तिच्यावर चढलेला थर बारीक पॉलिश कागदाने काढावा. गोव्यातल्या जांभ्या दगडाच्या भागातले पाणी सहसा मृदू असते, त्यामुळे क्षारांचा जो धाक पठारावरच्या बोअरवेलवाल्यांनी बाळगायचा तो इथे सगळीकडे बाळगण्याचे कारण नाही. अपवाद किनाऱ्यालगतच्या विहिरींचा : उन्हाळ्यात त्यांचे पाणी मचूळ होते, आणि मिठाचे पाणी बॉयलरला क्षारांहूनही वाईट. क्षार काढायचेच झाले तर सायट्रिक आम्ल किंवा उत्पादकाने सांगितलेली पूड वापरावी. तांब्याची भांडी चिंच-कोकमाने लखलखतात म्हणून कोकमाचे आगळ टाकीत घातल्याचे एका पत्रात वाचले. ते मिठासह होते, हे ऐकून आम्ही गप्प बसलो.

प्रश्न : अमेरिकेहून परतताना भावाने तिथे वापरलेले यंत्र आणले. इथे पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर लावून चालू केले, क्षणभर दिवा लागला आणि सगळे बंद पडले. यंत्र वाचेल का? — एक वाचक, वास्को

उत्तर : वाचण्याची आशा बरी आहे. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर फक्त पिन बदलतो, दाब नाही. एलिमेंटला दाब जवळजवळ दुप्पट मिळाला की त्याची शक्ती दुपटीने नव्हे, साडेतीन पटींहूनही जास्त वाढते. सुदैवाने सगळे क्षणात बंद पडले, याचा अर्थ एलिमेंट भाजण्याआधी कार्डावरचा काचेचा फ्यूज उडाला असावा. त्याच्या शेजारी निळ्या किंवा पिवळ्या चकतीसारखा व्हॅरिस्टर असतो. जादा दाब स्वतःवर घेऊन तो फुटतो. तो काळा पडलेला किंवा चिरलेला दिसला तर दोन्ही बदलून घ्यावेत आणि वर सांगितलेल्या रीतीने एलिमेंट मोजावे. १२० व्होल्ट आणि १४०० वॉटच्या एलिमेंटचा आकडा दहा ओहमच्या जवळ येईल. तो इतका कमी पाहून वायरमन ‘शॉर्ट आहे’ म्हणेल, त्याला तसे नसल्याचे सांगावे.

दुरुस्तीनंतर यंत्राला २३० चे ११०-१२० करणारा, दोन हजार वॉट सहज झेपणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. प्रवासात वापरायचे मुठीएवढे कन्व्हर्टर इथे कामाचे नाहीत. शिवाय अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. एलिमेंटला त्याचे सोयरसुतक नसते, पण कंपनावर चालणारा पंप ५० हर्ट्झवर वेगळा वागतो आणि पाण्याचा दाब कमी पडू शकतो. ट्रान्सफॉर्मरची किंमत, त्याचे वजन आणि ओट्यावर तो अडवणारी जागा पाहता, यंत्र फार चांगल्या प्रतीचे नसेल तर हा खटाटोप आम्ही सुचवणार नाही. आखाती देशांतून आणलेल्या यंत्रांची गोष्ट निराळी : अमिरात, कुवेत, कतार इथला दाब आपल्यासारखाच असल्याने त्यांना खरोखरच फक्त प्लग बदलावा लागतो.

प्रश्न : आमच्या छोट्या उपाहारगृहातल्या यंत्राचा काटा दहा मिनिटांत एक बारवर येतो आणि तापणे थांबते, पण वाफ दोन सेकंदांत मरते आणि कॉफी कोमट येते. प्रेशरस्टॅट बदलून झाला. फरक पडला नाही. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : काटा खोटे बोलत नाही, तो दाब दाखवतो आहे, पण तो वाफेचा नाही, कोंडलेल्या हवेचा आहे. अशा यंत्रांत बॉयलरचे तापमान थेट मोजत नाहीत, प्रेशरस्टॅट दाबावरून ते ठरवतो. बॉयलरमध्ये निव्वळ पाणी आणि वाफ असेल तर काट्यावरचा एक बार म्हणजे सुमारे १२० अंश, हा हिशेब पक्का असतो. पाण्यावर हवा कोंडलेली असली की ती तापून फुगते आणि पाणी १०० अंशांपर्यंतही गेलेले नसताना काटा एक बारवर येतो. प्रेशरस्टॅट आपले काम झाले असे समजून एलिमेंट बंद करतो. म्हणूनच प्रेशरस्टॅट बदलून फरक पडला नाही, आणि जुना चांगला असेल तर तो जपून ठेवावा.

ही हवा बाहेर सोडण्यासाठी बॉयलरच्या माथ्यावर एक लहान झडप असते, तिला व्हॅक्यूम ब्रेकर म्हणतात. यंत्र थंड असताना ती उघडी असते आणि वाफ तयार होऊ लागली की आपोआप मिटते. तिच्या आत क्षार किंवा गंज बसला की ती कायमची मिटलेली राहते. खात्री करून घेण्यासाठी उद्या सकाळी थंड यंत्र चालू करताना वाफेचा नळ थोडा उघडा ठेवावा. आधी नुसती हवा येईल, मग थुंकल्यासारखे पाणी, आणि जोरकस कोरडी वाफ सुरू झाली की नळ बंद करावा. त्यानंतर काटा वर जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि वाफ टिकली, तर दोष झडपेचाच. ती सोडवून सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवावी, आतला रबरी ओ-रिंग कडक झाला असेल तर बदलावा. नवी झडप घेतली तरी ती प्रेशरस्टॅटहून स्वस्त पडते. दुरुस्तीला सवड मिळेपर्यंत रोज सकाळी नळ उघडा ठेवून यंत्र लावावे, आणि पहिल्या गिऱ्हाइकाआधी अर्धा तास तरी लावावे, कारण बॉयलर तापला तरी पितळी ग्रुप मागाहून तापतो आणि थंड ग्रुपमधून आलेली कॉफी कोमटच लागते.